बऱ्हाणपूरच्या गाळाचे वय

बऱ्हाणपूरचा इतिहास लिहिणारे बहुधा फारुकींपासून सुरुवात करतात. इसवी सन 1400 च्या आसपास नासिर खानाने तापीकाठी हे शहर वसवले आणि त्याला खुलदाबादच्या बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचे नाव दिले. 1601 साली असीरगड अकबराच्या हाती आला, 1631 साली मुमताजमहलचा मृत्यू इथेच झाला. सहा शतकांचा हा इतिहास ज्या जमिनीवर घडला, तिचा स्वतःचा इतिहास मात्र अजून कागदावर नीट उतरलेला नाही. शहराच्या उत्तरेला सातपुडा, दक्षिणेकडे अजिंठ्याच्या रांगा, मध्ये तापी आणि तिने भरलेले सपाट मैदान. या मैदानातली काळी जमीन, तिच्याखालची पिवळी माती, कंकर, रेती आणि गोटे यांचे वय काय, हा प्रश्न वरवर स्थानिक वाटतो. तो तसा नाही. सुरतेसमोर अरबी समुद्रात शेकडो किलोमीटर पसरलेली भारताची कड कशी वाढत गेली, या मोठ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर बऱ्हाणपूर ते अकोला या पट्ट्यातल्या गाळात आहे, असे माझे म्हणणे आहे. ही कड दरवर्षी सारखी भर पडून वाढलेली नाही. नदीने गाळ कधी वाटेत साठवला, कधी साठवलेला उकरून पुढे नेला, आणि त्या थांबण्या-सुटण्याच्या क्रमाने ती वाढली. तो क्रम उलगडायचा तर समुद्रातल्या थरांबरोबर जमिनीवरच्या थरांनाही तारखा द्याव्या लागतात.

खंड समुद्रकिनाऱ्यावर संपत नाही. किनाऱ्यापुढे उथळ पाण्याखाली समुद्रबूड जमीन असते, तिच्या टोकाला खंडान्त उतार सुरू होतो आणि त्याच्या पायथ्याशी खोल सागरतळ लागतो. भारताच्या पश्चिमेकडची ही कड तुटण्यातून जन्मली. सुमारे 8.8 कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर भारतापासून वेगळा झाला, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या लाव्हाचे प्रचंड थर पसरले, आणि त्यानंतर काही दशलक्ष वर्षांतच सेशेल्सचा तुकडा सुटून निघून गेला. नव्याने उघड्या पडलेल्या या काठावर समुद्र आला आणि दख्खनच्या काळ्या खडकाची झीज त्यात साचू लागली. आज पश्चिम किनाऱ्याची समुद्रबूड जमीन केरळात कोचीसमोर सुमारे 60 किलोमीटर रुंद आहे, तर खंबातच्या आखातासमोर तिची रुंदी 300 किलोमीटरच्या पुढे जाते. हा फरक आपोआप पडलेला नाही. तुटलेल्या काठाची रचना आणि खाली खचत जाणारा तळ यांचा त्यात वाटा आहेच. पण खचणाऱ्या तळावर भर घालायला काहीतरी यावे लागते, आणि नर्मदा व तापी या पश्चिमेकडे वाहणाऱ्या दोन मोठ्या नद्या नेमक्या इथेच समुद्राला मिळतात. तापी बैतूल जिल्ह्यात मुलताईला उगम पावते आणि 724 किलोमीटर वाहून सुरतेपाशी समुद्रात पोचते. तिच्या खोऱ्याचे क्षेत्रफळ सुमारे 65,000 चौरस किलोमीटर आहे. त्यातून झिजलेले सारे शेवटी त्याच दिशेने निघते.

या खोऱ्याचा शास्त्रीय अभ्यास जुना आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे विल्यम ब्लॅनफर्ड यांनी तापी आणि खालच्या नर्मदेच्या खोऱ्यांवरचा आपला प्रबंध 1869 साली प्रसिद्ध केला. पुढे 1884 साली प्रमथनाथ बोस यांचा खालच्या नर्मदा खोऱ्यावरचा प्रबंध आला. या पिढीजवळ वय मोजण्याचे एकच साधन होते: कोणता थर कोणाच्या वर आहे आणि त्यात कोणते जीवाश्म सापडतात. तेवढ्या साधनाने त्यांनी फार महत्त्वाची गोष्ट पक्की केली. धार जिल्ह्यातील बाघपासून पूर्वेला बडवाहपर्यंत लाव्हाच्या खाली चुनखडकाचे आणि वालुकाश्माचे थर आहेत आणि त्यांत समुद्री प्राण्यांची कवचे आहेत. म्हणजे दख्खनचा लाव्हा पसरण्याच्या आधी, क्रिटेशस काळात, समुद्राचा एक फाटा नर्मदेच्या खळग्यातून आत शिरला होता. बडवाह बऱ्हाणपूरपासून शंभरेक किलोमीटरवर आहे. या मुलखात समुद्र खरोखर आल्याचा निःसंशय पुरावा तो आणि तेवढाच. त्याच्या वर लाव्हा आहे, आणि लाव्हाच्या वर बऱ्हाणपूरचा गाळ. या दोहोंच्या मध्ये कोट्यवधी वर्षांची पोकळी आहे. त्या काळात झीज सतत चालू होती, पण तिचा साठा इथे उरला नाही. तो पश्चिमेला गेला.

तो कुठे गेला हे कळायला ब्लॅनफर्डनंतर जवळजवळ शंभर वर्षे जावी लागली, आणि ते कळले तेलाच्या शोधात. 1956 साली तेल व नैसर्गिक वायू आयोगाची स्थापना झाली, 1960 साली नर्मदेच्या दक्षिणेला अंकलेश्वरला तेल सापडले, आणि तिथल्या विहिरींतून निघालेल्या खडकांनी या कडेचा पहिला सलग इतिहास दिला. तळाशी दख्खनचा लाव्हा आणि त्याच्या वर हजारो मीटर जाडीचे गाळाचे खडक, असा तो क्रम आहे. अंकलेश्वरचे तेल ज्या वाळूत साठले ती इओसीन काळातल्या एका त्रिभुज प्रदेशाची वाळू आहे, म्हणजे चार कोटी वर्षांहूनही जुनी. सुरत जिल्ह्यातील वस्तानच्या लिग्नाइट खाणीत त्याहून आधीचा, सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचा दलदलीचा किनारा सापडला. तिथल्या सस्तन प्राण्यांच्या जीवाश्मांनी तिला जगभर नाव मिळवून दिले. त्याहून अलीकडे, ऑलिगोसीन काळाच्या उत्तरार्धात, सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी, आजच्या आखाताच्या तोंडाशी भरती-ओहोटीच्या प्रवाहांनी वाळूचे पट्टे रचले. समुद्रातल्या ताप्ती वायुक्षेत्राचा वायू त्या वाळूतच मिळाला. याच्या दक्षिणेला, मुंबईच्या पश्चिमेस, 1974 साली सापडलेल्या बॉम्बे हायमध्ये मात्र तेल आहे ते मायोसीन काळातल्या चुनखडकात. चुनखडक घडवणारे जीव स्वच्छ पाण्यात वाढतात, गढूळ पाण्यात त्यांची वाढ खुंटते. उत्तरेला वाळू व चिखल आणि दक्षिणेला चुनखडक, ही विभागणीच सांगते की नद्यांचा गाळ कुठवर पोचत होता आणि कुठे त्याची मजल संपत होती. या साऱ्या थरांना तारखा मिळाल्या त्या प्रामुख्याने सूक्ष्म समुद्री जीवांच्या कवचांवरून. त्यांच्या जाती ठरावीक काळात अवतरतात आणि ठरावीक काळात नष्ट होतात.

इथे पहिला आक्षेप येतो. बऱ्हाणपूर समुद्रापासून सरळ रेषेत सुमारे 350 किलोमीटर दूर आहे. आखातात नर्मदा, मही, साबरमती याही नद्या येतात, आणि वायव्येला सिंधूसारखी महानदी आहे. मग समुद्रतळावरचा गाळ तापीच्या खोऱ्यातून आला, हे कशावरून? आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर चिकणमातीच्या खनिजांत मिळते. दख्खनचा बेसॉल्ट कुजला की त्यातून मुख्यतः स्मेक्टाइट हे खनिज तयार होते. आपल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात त्या त्याच्यामुळेच. सिंधू हिमालयातून येते, म्हणून तिच्या गाळात इलाइट आणि क्लोराइट यांचे प्रमाण जास्त असते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील आर. आर. नायर, एन. एच. हाशिमी आणि पूर्णचंद्र राव यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिले की कच्छच्या आखातातल्या भरतीचे वेगवान प्रवाह सिंधूच्या गाळाला किनाऱ्याने दक्षिणेकडे सरकू देत नाहीत आणि जणू बांध घालतात. खंबातच्या आखातासमोर दख्खनची खूण असलेली चिकणमाती ठळकपणे दिसते. यावरून दख्खनचा वाटा सिद्ध होतो. त्यातला तापीचा नेमका किती आणि नर्मदेचा किती, हे एवढ्यावरून सिद्ध होत नाही, कारण दोन्ही नद्या बऱ्याच अंशी एकाच खडकावरून वाहतात. शिवाय तीन-चार कोटी वर्षांपूर्वीच्या नद्यांना आजची नावे देणेही धाडसाचे ठरेल, कारण नद्यांच्या वाटा बदलतात. म्हणून माझा दावा मर्यादित आहे: ही कड दख्खनच्या झिजेवर वाढली, आणि तापीचे खोरे त्या झिजेच्या मुख्य मार्गांपैकी एक आहे.

एवढे मान्य झाले की एक सोपा हिशेब मोहात पाडतो. नदी वर्षाला किती गाळ आणते ते मोजावे, त्याला वर्षांच्या संख्येने गुणावे आणि कड किती वाढली ते सांगावे. हा हिशेब चुकतो, आणि तो का चुकतो हे समुद्रतळच दाखवतो. मुंबई ते सौराष्ट्र या टापूत समुद्रबूड जमिनीच्या आतल्या भागात, म्हणजे 50-60 मीटर खोलीपर्यंत, आजच्या नद्यांचा चिखल आहे. त्यापलीकडे बाहेरच्या रुंद भागावर चुनखडीयुक्त वाळू उघडी पडली आहे. या वाळूतल्या कणांचे किरणोत्सारी कार्बनने मोजलेले वय दहा हजार वर्षांच्या आगेमागे येते. ते कण उथळ, स्वच्छ, किनाऱ्यालगतच्या पाण्यात घडले, आणि आज त्यांच्यावर 60 ते 100 मीटर पाणी आहे. याचा अर्थ सरळ आहे. गेली कित्येक हजार वर्षे नर्मदा-तापी गाळ आणत असूनही तो बाहेरच्या भागापर्यंत पोचलेला नाही, नाहीतर ती जुनी वाळू केव्हाच गाडली गेली असती. आखातात भरती-ओहोटीचा फरक काही ठिकाणी दहा मीटरहून जास्त आहे, आणि तिथले प्रवाह गाळाला आतल्या आत घोळवत ठेवतात. उलट सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात असताना समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होती. आखात कोरडे पडले होते, किनारा समुद्रबूड जमिनीच्या टोकाकडे सरकला होता आणि नद्या त्या उघड्या मैदानावरून वाहत थेट खंडान्त उताराच्या दिशेने जात होत्या. कडेच्या बाहेरच्या टोकाला खरी भर पडते ती अशा काळात. आज भर पडते आहे ती आतल्या बाजूला.

म्हणूनच समुद्रातला थर एकट्याने वाचला तर फसगत होते. एखाद्या काळात समुद्रात कमी गाळ दिसला तर झीज कमी झाली होती, की गाळ वाटेत अडला होता? जास्त दिसला तर पाऊस वाढला होता, की जुना साठा फुटला होता? समुद्रतळ ही खातेवहीची एक बाजू आहे आणि दुसरी बाजू खोऱ्यात आहे. तापीच्या बाबतीत ही दुसरी बाजू असामान्य मोठी आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी जमिनीला मोठे प्रस्तरभंग आहेत. त्यांच्या दक्षिणेकडचा भाग खचत गेला आणि त्या खळग्यात बऱ्हाणपूर, रावेर, यावल, भुसावळपर्यंत तापीचा, तर मलकापूर, अकोला, दर्यापूरकडे पूर्णेचा गाळ साठला. जळगाव जिल्ह्यातील उनपदेव आणि सुनपदेवचे गरम पाण्याचे झरे याच दुबळ्या पट्ट्याची खूण सांगतात. चांगदेवला पूर्णा तापीला मिळते, आणि त्या संगमाच्या वरच्या अंगाला पूर्णेच्या पट्ट्यात गाळाची जाडी काही ठिकाणी 300 मीटरच्या घरात जाते. तिथल्या जमिनीची उंची लक्षात घेतली तर गाळाचा तळ आजच्या समुद्रसपाटीच्या आसपास उतरतो. नदीने खडकात एवढे खोल कोरले असते तर तिला पुढे सुरतेकडे उतारच उरला नसता. म्हणून हा खळगा पुष्कळ अंशी खचून झाला आणि खचत असतानाच भरला, असेच मानावे लागते. हा गाळ समुद्रात जायचा होता आणि तो गेला नाही. कडेच्या वाढीतून तेवढी वजाबाकी झाली.

ही वजाबाकी केव्हा झाली, हा खरा प्रश्न. इथे एक दूरचा साक्षीदार मदतीला येतो. सुमात्रा बेटावरच्या तोबा ज्वालामुखीचा सुमारे 74,000 वर्षांपूर्वी महाभयंकर स्फोट झाला आणि त्याची राख भारतभर पडली. ही राख नर्मदेच्या आणि सोनच्या गाळात सापडली, जुन्नर तालुक्यात बोरीला कुकडीकाठी आणि पुणे जिल्ह्यातच मोरगावला कऱ्हेकाठी सापडली, आणि अकोल्याच्या बाजूला पूर्णेच्या गाळातही मिळाली. राखेतील काचेच्या कणांची रासायनिक घडण तपासून ती कोणत्या स्फोटाची हे ठरवता येते. पूर्णेच्या काठावर दिसणाऱ्या उघड्या दरडींत जर 74,000 वर्षांची राख असेल, तर तिच्या खाली आणखी शेकडो मीटर गाळ आहे त्याचे वय त्याहून कितीतरी मागे जाते. तापी खोऱ्यातच, चाळीसगाव तालुक्यातील पाटणे इथे एस. ए. साळी यांनी 1970 च्या दशकात केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्यांची कवचे मिळाली. किरणोत्सारी कार्बनने त्यांचे वय सुमारे 25,000 वर्षे ठरले. अर्थात त्या वेळी या खोऱ्यात गवताळ, कोरडा प्रदेश होता आणि माणसे होती. वीस ते पंचवीस हजार वर्षांपूर्वीचा हाच तो काळ, जेव्हा समुद्र खाली गेला होता आणि पावसाळा दुबळा झाला होता. दुबळ्या पावसात नदी सारा भार वाहून नेऊ शकत नाही, त्यातला बराचसा ती वाटेत टाकते. नंतर पाऊस सावरला की तीच नदी आपल्या गाळात खोल उतरते. बऱ्हाणपूरला किंवा भुसावळला आज तापीचे पात्र आजूबाजूच्या मैदानाच्या बरेच खाली दिसते आणि दोन्ही काठांवर गाळाच्या उंच दरडी व घळी दिसतात, त्या याच उकरण्याच्या खुणा आहेत. जो गाळ उकरला गेला तो पुढे गेला. समुद्रात त्या काळात वाढलेला पुरवठा दिसला, तर त्यात नव्या झिजेइतकाच हा जुना साठाही असणार.

दुसरा आक्षेप वऱ्हाडातून येतो. पूर्णेच्या दोन्ही बाजूंना अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा आहे. शेकडो गावांच्या विहिरींना खारे पाणी लागते, आणि अकोल्याजवळ दहिहांड्याच्या परिसरात पूर्वी खाऱ्या विहिरींतून मीठ काढले जाई. मग समुद्र इथवर आला होता असे का म्हणू नये? तसे असेल तर बऱ्हाणपूरचे मैदान हे समुद्राचेच भरलेले आखात ठरेल आणि सारा युक्तिवाद उलटेल. पण मीठ असणे म्हणजे समुद्र असणे नव्हे. समुद्र आला असता तर त्याने जीव मागे ठेवले असते. बाघच्या थरांत ते भरपूर आहेत, आणि तिथे समुद्र ओळखायला खारट पाण्याची गरजही पडली नाही. पूर्णेच्या थरांत नदीचा गाळ, गोड्या पाण्यातल्या जीवांची कवचे आणि जमिनीवरच्या प्राण्यांचे अवशेष मिळतात, समुद्री जीवांचा थर मिळत नाही. खचलेला, चिकणमातीने भरलेला, निचरा नसलेला खळगा आणि कोरड्या हवेची हजारो वर्षे एवढे असले तरी मीठ साठायला पुरे होते. पाऊस आणि झिजलेला खडक क्षार आणतात, पाणी उडून जाते, क्षार राहतात. खारपाणपट्टा म्हणूनच माझ्या मताच्या विरुद्ध जात नाही, त्याला दुजोरा देतो. पाणी आणि गाळ दोन्ही इथे दीर्घकाळ अडकून पडत होते, याची ती आजही जिभेला कळणारी साक्ष आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे: या तारखांवर विश्वास किती ठेवायचा? बोरीच्या राखेचेच उदाहरण पाहू. 1989 साली पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने तिचे वय सुमारे 14 लाख वर्षे जाहीर झाले. 1995 साली आर्गॉनच्याच सुधारित पद्धतीने ते सुमारे 6.7 लाख वर्षे आले. त्यानंतर काचेच्या कणांच्या तपासणीवरून बहुतेक अभ्यासक ती 74,000 वर्षांपूर्वीच्या तोबा स्फोटाचीच राख मानू लागले. एकाच थराचे वय वीसपटीने बदलले, तर बाकीच्या तारखांचे काय? शिवाय दख्खनच्या गाळाची एक खास अडचण आहे. गाळाचा कण शेवटचा उन्हात केव्हा होता हे सांगणारी प्रकाशदीप्तीची पद्धत क्वार्ट्झच्या कणांवर उत्तम चालते, आणि बेसॉल्टच्या गाळात असे कण फार थोडे मिळतात. फेल्डस्पार वापरावे तर त्यात साठलेली ऊर्जा काळाबरोबर गळते आणि वय प्रत्यक्षाहून कमी येते. किरणोत्सारी कार्बनची मजल सुमारे 50,000 वर्षांपर्यंत, आणि आपल्या गाळातल्या कंकरात जुना-नवा चुना मिसळलेला असतो. या साऱ्या अडचणी खऱ्या आहेत. तरी त्यातून निघणारा निष्कर्ष तारखा टाकून देण्याचा नाही. बोरीची चूक सुधारली गेली ती दुसऱ्या, स्वतंत्र पद्धतीनेच. नदीने वाहून आणलेल्या राखेत आजूबाजूच्या जुन्या खडकाचे कण मिसळले की आर्गॉनचे वय फुगते, हे त्या वादामुळेच सर्वांच्या ध्यानात आले. वस्तानलाही तसेच झाले. कवचांवरून आलेले पहिले वय पुढे इतर सूक्ष्मजीव आणि स्ट्रॉन्शियमच्या मापनांनी तपासले गेले आणि फरक पाच कोटींत वीस-तीस लाख वर्षांचा निघाला, म्हणजे काही टक्क्यांचा. जिथे तीन वेगळ्या वाटांनी गेल्यावर एकाच जागी पोचतो तिथे विश्वास ठेवावा, आणि जिथे एकच मापन आहे तिथे निकाल राखून ठेवावा. तापीच्या गाळाची अडचण अशी की एकेकटी मापनेच जास्त आहेत, आणि बऱ्हाणपूरच्या बाजूला तर तीही विरळ आहेत.

गाळ सारखा वाहत नाही याचा आणखी एक पुरावा अलीकडच्या काळातला आहे. बऱ्हाणपूरच्या उत्तरेला नर्मदेवर पुनासाच्या घळईत जुन्या महापुरांनी ठेवलेला गाळ तपासून पुण्याचे विश्वास काळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात दाखवले की मोठे पूर काही शतकांत दाटीने येतात आणि काही शतकांत विरळ होतात. तापीही अशीच आहे. सुरतेने 1968 आणि 2006 साली तिचे जे रूप पाहिले, तसे मोजके दिवस कित्येक वर्षांच्या संथ प्रवाहाहून अधिक गाळ हलवतात. आणि आता या क्रमात माणूस शिरला आहे. 1972 साली उकाई धरण पूर्ण झाले, त्याच्या वर हतनूर उभे राहिले, नर्मदेवर पुनासालाच इंदिरा सागर झाले. खोऱ्यात गाळ अडवण्याचे जे काम खचणारा खळगा लाखो वर्षे करत होता, ते आता धरणांच्या भिंती काही दशकांत करत आहेत. सुरतेखालच्या किनाऱ्याला पूर्वीइतका गाळ मिळत नाही. ज्यांना वाटते की कडेची वाढ ही फार प्राचीन गोष्ट आहे आणि तिचा आजच्या माणसाशी संबंध नाही, त्यांनी ही तुलना करून पाहावी. गाळाचा पुरवठा तुटल्यावर किनारा कसा वागतो, याचे जुने दाखले त्या थरांतच लिहिलेले आहेत.

खुद्द बऱ्हाणपुरात या गाळाचे मोल सर्वांत आधी ओळखले ते चारशे वर्षांपूर्वीच्या जलतज्ज्ञांनी. 1615 साली, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, तबकुतुल अर्ज या इराणी भूजलतज्ज्ञाच्या देखरेखीखाली कुंडी भंडाऱ्याचे काम झाल्याचे सांगतात. सातपुड्याच्या पायथ्याशी डोंगरातून उतरलेल्या ओढ्यांनी गोटे आणि भरड रेतीचा पंखा पसरला आहे. भूजलतज्ज्ञ त्याला बझाडा म्हणतात. पावसाचे पाणी त्यात झपाट्याने मुरते आणि जमिनीखालून तापीकडे सरकते. ते पाणी वाटेतच भुयारात धरून, शंभराहून अधिक कुंड्यांच्या रांगेतून, केवळ उताराच्या बळावर शहरात आणले गेले. अशा एकूण आठ व्यवस्था शहरासाठी उभ्या राहिल्या. त्यांना गाळाचे वय माहीत नव्हते, पण त्याची रचना अचूक माहीत होती: भरड कुठे, चिकण कुठे, उतार किती. आज याच बझाड्यावर आणि खालच्या गाळावर बऱ्हाणपूर, रावेर, यावलची केळी उभी आहे. बोअर खोल खोल जात आहेत आणि पाणी खाली उतरत आहे. मे 2025 मध्ये मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांनी तापी महापुनर्भरण प्रकल्पाचा करार केला. त्याचा गाभाच मुळी तापीचे पाणी या पायथ्याच्या गाळात मुरवण्याचा आहे. पाणी कुठे मुरेल, कुठे चिकणमातीच्या थरावर अडेल, कुठे खाऱ्या पट्ट्याकडे सरकेल, हे ठरवणारी गोष्ट एकच: कोणता थर कधी, कोणत्या नदीने, कोणत्या परिस्थितीत टाकला. गाळाला तारीख देण्याचा उद्योग अभ्यासकांच्या कुतूहलापुरता नाही, तो इथल्या शेतीच्या आणि पिण्याच्या पाण्याचा प्रश्न आहे.

ब्लॅनफर्डच्या प्रबंधाला दीडशेहून अधिक वर्षे झाली. समुद्राखालच्या कडेचे थर तेल कंपन्यांनी हजारो मीटर खोलीपर्यंत छेदून तारीखवार लावले, पण ज्या खोऱ्यातून ती कड वाढली त्याच्या गाळाचा एकही सलग, तळापर्यंतचा, अनेक पद्धतींनी तपासलेला स्तंभ आपण बऱ्हाणपूर-रावेर भागात उभा केलेला नाही. तो उभा करणे अवघड नाही. पुनर्भरण प्रकल्पासाठी छिद्रे घ्यावीच लागतील. त्यांतल्या काही छिद्रांचा गाळ क्रमाने, खोली नोंदवून, उजेड लागू न देता जपून ठेवला, तर प्रकाशदीप्ती, राख, चुंबकत्व आणि परागकण या सर्व तपासण्या एकाच स्तंभावर करता येतील. बोअर मारणाऱ्या प्रत्येक यंत्रामागे किती फुटांवर काळी माती संपली, किती फुटांवर रेती लागली, कुठे गोटे आले आणि कुठे काळा खडक, याची एक पानी नोंद ग्रामपंचायतीत ठेवली गेली तरी काही वर्षांत या मैदानाचा असा नकाशा तयार होईल जो कोणत्याही एका संस्थेला एकटीने करता येणार नाही. दोन्ही राज्यांच्या भूजल खात्यांनी ती नोंद सक्तीची करावी आणि सर्वांसाठी खुली ठेवावी. जळगाव, अकोला, अमरावती आणि बऱ्हाणपूरच्या महाविद्यालयांतील भूगोल आणि भूविज्ञानाच्या विभागांनी हे काम आपले मानावे. छिद्रातून निघालेला गाळ एकदा बांधावर फेकला गेला की त्याचा क्रम परत लावता येत नाही. म्हणून नोंद पहिल्या दिवसापासूनच व्हायला हवी.